४८६, मॅक क्लासिक, आयमॅक की पेंटियम थ्री: जुन्यातला एकच डेस्कटॉप ठेवायचा तर कोणता

आमची सोसायटी रिडेव्हलपमेंटला गेलीये, पुढची काही वर्षं भाड्याच्या घरात काढायचीत आणि त्या घराला माळाच नाहीये. घरात स्पष्ट ठरलंय की जुना कॉम्प्युटर एकच बरोबर येणार, बाकीच्यांची सोय लावायची. माळ्यावरून चार निघाले, एक ४८६, एक मॅकिंटॉश क्लासिक, एक निळा आयमॅक आणि एक पेंटियम थ्री. चारही उघडले, ब्रशने धूळ काढली, जमेल तसे चालवून बघितले आणि मगच ठरवलं. पुण्या-मुंबईत सध्या जी पाडापाडी चाललीये त्यात असे कॉम्प्युटर बऱ्याच घरांतून खाली येत असणार, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

निकाल आधीच सांगतो, मी पेंटियम थ्री ठेवला. कुठलाही पेंटियम थ्री नाही, इंटेलच्या ४४०बीएक्स चिपसेटचा (म्हणजे बोर्डावरचे सगळे भाग जोडणाऱ्या चिपचा) बोर्ड असलेला. दिसायला चौघांत सगळ्यात साधा आहे, तोच तो पिवळट पडलेला टॉवर जो १९९९-२००० च्या सुमारास प्रत्येक सायबर कॅफेत आणि टायपिंग इन्स्टिट्यूटमधे दिसायचा. कोणी पाहुणा आला तर त्याच्याकडे ढुंकून बघणार नाही. पण माझा निकष दिसण्याचा नव्हताच. ज्या मशीनवर माझं जुनं मराठी काम उघडतं ते मशीन ठेवायचं, एवढं साधं गणित.

म्हणजे काय ते सांगतो. मी नव्वदच्या दशकात डीटीपी, म्हणजे छपाईसाठी कॉम्प्युटरवर पानं लावायचं काम करायचो. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, गणेश मंडळांच्या स्मरणिका, आणि पावसाळा सुरू झाला की दिवाळी अंक. सगळं श्रीलिपी हे मराठी फाँटचं सॉफ्टवेअर आणि पेजमेकर हा पानं लावायचा प्रोग्राम, या दोघांत. त्या फायली अजून फ्लॉपींवर, सीडींवर आणि एका जुन्या हार्डडिस्कवर आहेत. ज्यांनी त्या काळात काम केलंय त्यांना माहितीये की हे मराठी म्हणजे आजचं युनिकोड नाही. इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवलेले फाँट होते, त्यामुळे तो फाँट नसेल तर फाईल उघडल्यावर नुसती डोक्यावर टिंबं आणि टोप्या घातलेली रोमन अक्षरं दिसतात. कन्व्हर्टर मिळतात, मजकूर बऱ्यापैकी सुटतो, पण पानाची मांडणी, कॉलम, बॉर्डर, कवितेच्या ओळी कुठे तोडल्या होत्या ते सगळं जातं. पेजमेकरची फाईल इनडिझाईनमधे उघडायची सोय होती तीसुद्धा सीएस६ पर्यंतच, पुढच्या व्हर्जनमधून काढून टाकली. आणि श्रीलिपीचं लॉक, म्हणजे ते प्रिंटर पोर्टला लावायचं डोंगल, ते लावायला मागे खराखुरा पॅरलल पोर्ट पाहिजे. आता कुठल्या नव्या मशीनला असतो तो?

आता एकेक मशीन घेतो.

४८६ पासून सुरुवात, कारण सगळ्यात जास्त जीव याच्यात अडकला होता. डीएक्स२-६६, हा प्रोसेसर १९९२ चा, भारतात आपल्यापर्यंत यायला जरा वेळ लागला. आडवा केस, पुढे टर्बोचं बटण, मेगाहर्ट्झचा लाल आकडा, आणि ऑन करायचं बटण असं की दाबलं की खटकन आवाज येतो कारण त्यातून खरंच २३० व्होल्ट जातात, आजच्यासारखा नुसता इशारा नाही. डॉस ६.२२ आणि विंडोज ३.११ याच्यावर जसं चालतं तसं दुसऱ्या कशावरच चालत नाही. डेव्ह, प्रिन्स वगैरे गेम बरोब्बर त्या काळच्या स्पीडने. टर्बो पास्कलमधे लिहिलेले जुने प्रोग्राम, म्हणजे त्या काळी कोणी ना कोणी लिहून दिलेले सभासदांची यादी, व्याज आकारणी असले प्रोग्राम, ते जास्त वेगाच्या मशीनवर सुरू करताच रनटाईम एरर २०० देऊन बंद पडतात, इथे निमूट चालतात. या बाबतीत ४८६ ला पूर्ण मार्क.

पण त्या बोर्डावर एक निळी, नळकांडीसारखी बॅटरी सोल्डर केलेली असते, ३.६ व्होल्टची निकेल कॅडमियम. ज्यांच्याकडे ४८६ किंवा ३८६ असेल त्यांनी हे वाचून झाल्यावर आधी उठून ती बघा. माझ्याकडच्या बॅटरीतून पाणी सुटून कीबोर्डच्या सॉकेटपर्यंत गेलेलं होतं, हिरवट निळी खरपुडी, त्याखाली बोर्डाचं हिरवं कोटिंग काळपट झालेलं, आणि नखाने हलकं खरवडलं तर तांब्याच्या दोन रेघा मधेच संपलेल्या. ते द्रव अल्कली असतं, म्हणून कटरने बॅटरी काढायची, तो भाग साध्या व्हिनेगरने पुसायचा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने, आणि वाळवायचं. तुटलेल्या रेघांवर बारीक वायरने जोड देऊन मशीन चालू झालं, दोन दिवस छान चाललं, पण कीबोर्ड मधेच प्रतिसाद देणं बंद करतो म्हणजे आत कुठेतरी खाल्लेलं आहेच. शिवाय त्याच्या बायोसला, म्हणजे चालू होताना सगळ्यात आधी सुरू होणाऱ्या बोर्डावरच्या प्रोग्रामला, ५०४ एमबीपेक्षा मोठी हार्डडिस्क सरळ दिसत नाही, यूएसबी नाही, पेजमेकर ६.५ याच्यावर चालवायचं म्हणजे संयमाची परीक्षा. फक्त डॉसचं प्रेम असेल आणि बॅटरी वेळेत काढलेली असेल तर ४८६ डोळे मिटून ठेवा. माझं काम त्याच्या पुढच्या काळातलं आहे.

मॅकिंटॉश क्लासिक हा चौघांतला सगळ्यात देखणा. १९९० चा, ८ मेगाहर्ट्झचा ६८००० प्रोसेसर, जास्तीत जास्त ४ एमबी रॅम, नऊ इंची काळापांढरा पडदा, ५१२ बाय ३४२. एका जाहिरात एजन्सीने ऑफिस बदललं तेव्हा हा माझ्याकडे आला. डीटीपी हा धंदाच मुळात १९८५ साली मॅक, लेझररायटर आणि पेजमेकर या तिघांमुळे उभा राहिला, त्यामुळे आमच्या क्षेत्रातल्या माणसाला याच्याबद्दल आदर असतोच. आणि याच्यात एक अशी गोष्ट आहे की दाखवली की लोक थक्क होतात. हार्डडिस्क मेलेली असू दे, फ्लॉपी नसू दे, चालू करताना कमांड, ऑप्शन, एक्स आणि ओ ही चार बटणं एकत्र धरून ठेवायची, की आतल्या रॉममधूनच सिस्टीम ६.०.३ सुरू होते. तीस-पस्तीस वर्षांचं मशीन, आत एकही फिरणारी डिस्क नाही, आणि पडद्यावर डेस्कटॉप हजर. काय सुंदर विचार केलाय!

तरी नाही ठेवला. बोर्डावरचे छोटे कपॅसिटर जवळपास सगळ्यांचेच गळतात, ते बदलायलाच लागतात, उघडायला लांब दांड्याचा टी१५ टॉर्क्स स्क्रूड्रायव्हर लागतो आणि आत पिक्चर ट्यूब आहे. ट्यूबमधे बंद केल्यावरही जबरदस्त व्होल्टेज साठून राहू शकतं. ज्याला टीव्ही दुरुस्तीचा हात नाही त्याने याचं झाकण काढू नये, सरळ जुन्या टीव्ही मेकॅनिककडून ट्यूब डिस्चार्ज करून घ्यावी, यात अजिबात हयगय नको. आत घड्याळासाठी ३.६ व्होल्टची लिथियम बॅटरी असते, ती फुटली तर बोर्डच संपतो, ती तर त्याच मेकॅनिककडून आजच काढून घ्या. आणि माझ्या कामाचं म्हणाल तर माझं मराठी मॅकवर नव्हतंच. हा मशीन अशा माणसाकडे जावा ज्याला सोल्डरिंग येतं आणि ज्याच्याकडे टेबलावर तो रोज दिसेल अशी जागा आहे. तसा एक तरुण इंजिनिअर मिळालाय, त्याने नुसतं बघून कुठले कपॅसिटर लागतील ते सांगितलं, तेव्हाच मी निर्धास्त झालो.

आयमॅकबद्दल थोडक्यात. १९९८ चा पहिला, बाँडी ब्लू, २३३ मेगाहर्ट्झचा जी३ प्रोसेसर. त्या काळात सगळं जग बिस्किटी रंगाचं असताना हा आला आणि लोकांच्या डोळ्यांचं पारणं फिटलं. पण याच्यात फ्लॉपी ड्राईव्ह नाही, पॅरलल पोर्ट नाही, वजन सतरा किलोच्या आसपास, प्लॅस्टिक आता ठिसूळ झालंय, आणि पडद्यामागचं हाय व्होल्टेजचं सर्किट गेलं की सगळं मशीन गेलं कारण पडदा वेगळा नाही. शोकेससाठी उत्तम. माझ्या भाच्याने मागितला, त्याच्या स्टुडिओत ठेवणारे, दिला.

मधे एक सांगतो. चार-पाच जणांनी विचारलं की पेंटियम फोर का नाही, तो तर किलोच्या भावाने मिळतो. मिळतो, पण त्या काळातल्या बहुतेक बोर्डांवर आयएसए, म्हणजे जुनी कार्डं बसवायचा स्लॉट नाही, पंख्यांचा आवाज फार, आणि साधारण १९९९ ते २००७ दरम्यान बनलेल्या खूप बोर्डांवर खराब कपॅसिटर लागले होते, त्यांची डोकी फुगलेली दिसतात. एक्सपीवर काही चालवायचं असेल तर घ्या. जुन्याचा पूल म्हणून नाही.

आता पेंटियम थ्री. ४४०बीएक्स चिपसेट इंटेलने एप्रिल १९९८ मधे आणला, १०० मेगाहर्ट्झची बस. याची खरी गंमत अशी की तो अगदी सांध्यावर आलाय. मागचं सगळं अजून सोडलेलं नाही आणि पुढचं सुरू झालंय. माझ्या बोर्डावर आयएसए स्लॉट आहे, नंतरच्या कार्डांसाठी पीसीआय आहे, एजीपी आहे, दोन यूएसबी, पॅरलल, सिरीयल, पीएस/२, आणि फ्लॉपीच्या केबलवर एकाच वेळी साडेतीन इंची आणि सव्वापाच इंची असे दोन्ही ड्राईव्ह. हे शेवटचं फार महत्त्वाचं आहे. बाजारात जो यूएसबी फ्लॉपी ड्राईव्ह मिळतो तो साडेतीन इंचीपुरताच, सव्वापाच इंची फ्लॉपी वाचायची असेल तर बोर्डावर खरा फ्लॉपी कंट्रोलर असणं हा सगळ्यात सरळ मार्ग.

याच्यावर मी तीन सिस्टीम टाकल्यात. डॉस, विंडोज ९८ सेकंड एडिशन आणि विंडोज २०००. आणि मला याचा जो आनंद झालाय तो सांगतो. डॉसच्या काळात पीसीवर मराठी आणायला जिस्टचं कार्ड लागायचं, आयआयटी कानपूरला मोहन तांबे आणि मंडळींनी सुरू केलेलं आणि मग पुण्यात सी-डॅकने पुढे नेलेलं काम, त्या कार्डाने वर्डस्टार, डीबेससारख्या इंग्रजी प्रोग्राममधे देवनागरी दिसायची आणि ते कार्ड बसायचं आयएसए स्लॉटमधे. मग विंडोज ९८ वरची श्रीलिपी, पॅरलल पोर्टला लॉक लावून. आणि मग विंडोज २०००, मायक्रोसॉफ्टची पहिली विंडोज जिच्यात देवनागरी युनिकोड आतूनच आलं, मंगल फाँटसकट, फक्त रीजनल सेटिंगमधे जाऊन इंडिक भाषांवर टिक करायची आणि इनस्क्रिप्ट कीबोर्ड घ्यायचा. कॉम्प्युटरवरच्या मराठीच्या तीन पिढ्या, आणि तिघींनाही लागणारी जागा या एका बोर्डावर आहे! जिस्टचं कार्ड अजून माझ्या हाती आलेलं नाही, शोधतोय, पण त्याच्यासाठी स्लॉट रिकामा ठेवलाय.

लॉक लावलं, पेजमेकर ६.५ उघडलं आणि एका स्मरणिकेची फाईल डबलक्लिक केली. एक सेकंद पांढरं पान, मग हळूहळू वरून खाली बॉर्डर आली, मग शीर्षक, मग तीन कॉलममधला मजकूर, पोटफोड्या ष आणि रफार जिथल्या तिथे. अध्यक्षांच्या मनोगतात शेवटच्या ओळीत जागा पुरत नव्हती म्हणून मी अक्षरांमधलं अंतर अर्ध्या पॉईंटने कमी केलं होतं, ते तसंच्या तसं. हे कुठल्याही कन्व्हर्टरमधून येत नाही हो.

आता ज्यांना असा मशीन घ्यायचाय किंवा असलेला ठेवायचाय त्यांच्यासाठी कामाच्या चार गोष्टी, या लवकर कोणी सांगत नाही.

रॅम घेताना जपून. बीएक्सला २५६ एमबीची स्टिक चालते पण तिच्यावर दोन्ही बाजू मिळून सोळा चिप पाहिजेत. आठच चिपवाली नवीन दिसणारी स्टिक लावली की मशीन तिला १२८ च दाखवतं, दुकानदार म्हणेल स्टिक खराब, ती खराब नसते, चिपसेटला एवढ्या मोठ्या चिप कळत नाहीत. आणि विंडोज ९८ ला ५१२ च्या वर रॅम दिली की ते अडखळायला लागतं, २५६ पुरे झाली.

एसएमपीएस, म्हणजे आतला पॉवर सप्लाय, जुना गेला म्हणून आजचा कुठलाही आणून लावू नका. पेंटियम थ्रीचा बोर्ड बराचसा ५ व्होल्टच्या लाईनवर चालतो आणि आजकालचे सप्लाय १२ व्होल्टवर भर देतात, शिवाय उणे ५ व्होल्टची लाईन त्यांच्यात नसतेच, काही जुन्या आयएसए कार्डांना ती लागते. त्याच काळातला सप्लाय शोधून त्यातले कपॅसिटर बदलून घेणं कधीही चांगलं. पुण्यात तापकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला कपॅसिटर सहज मिळतात, फक्त लो ईएसआर आणि १०५ डिग्रीचे मागा.

वर्षानुवर्षं बंद असलेलं कुठलंही मशीन थेट प्लगात घालायचं नाही. इलेक्ट्रिशियनकडे सिरीज बोर्ड असतो, १०० वॅटचा साधा पिवळा बल्ब लावलेला, त्याच्यातून आधी द्या. बल्ब क्षणभर चमकून मंद झाला तर बरं, लख्ख पेटूनच राहिला तर आत शॉर्ट आहे, लगेच बंद करा. ही एक सवय लावून घेतली तर कित्येक बोर्ड वाचतील.

आणि फ्लॉपी. आपल्याकडच्या पावसाळ्याने फ्लॉपींचं जेवढं नुकसान केलंय तेवढं वयाने केलेलं नाही. ड्राईव्हमधे घालायच्या आधी पत्र्याचं शटर सरकवा, मागचं चाक बोटाने हळू फिरवा आणि उजेडात तिरकं धरून ती तपकिरी चकती बघा. पांढरे बारीक ठिपके किंवा जाळीसारखा डाग दिसला तर ती बुरशी आहे. तशीच घातली तर डेटा खरवडला जातो, हेडला घाण चिकटते आणि पुढच्या चांगल्या फ्लॉपीवरही ओरखडा उठतो. अशी फ्लॉपी बाजूला ठेवा, चकती काढून डिस्टिल्ड वॉटरने धुऊन, पूर्ण वाळवून, दुसऱ्या चांगल्या कव्हरात घालून वाचता येते, वेळखाऊ आहे पण जमतं. हेड इअरबडने आणि आयसोप्रोपिलने पुसत राहायचं. जी फ्लॉपी वाचली गेली तिची लगेच पूर्ण इमेज, म्हणजे अख्ख्या फ्लॉपीची जशीच्या तशी नक्कल, काढून घ्यायची, नुसत्या फायली कॉपी करून थांबायचं नाही.

काढलेला डेटा बाहेर न्यायला विंडोज २००० फार उपयोगी पडतं, कारण त्याला पेनड्राईव्ह आपोआप ओळखता येतो, ९८ ला प्रत्येकासाठी ड्रायव्हर शोधत बसावा लागतो. यूएसबी १.१ आहे, स्लो आहे, पण आपल्या फायली काय केबीमधल्या. मोठं काही असेल तर रिअलटेक ८१३९ चं नेटवर्क कार्ड टाकून एफटीपीने पाठवा, घरातल्या घरात. इंटरनेटला मात्र हे मशीन जोडू नका, ९८ चे अपडेट २००६ ला बंद झाले आणि २००० चे २०१० ला.

पडद्याचं म्हणाल तर जुना सीआरटी ठेवायचा मोह मी टाळला, जागाच नाही. १५ इंची चौकोनी एलसीडी, व्हीजीए केबलवाला, तो जुन्या बाजारात अजून मिळतो आणि डॉसचं टेक्स्टसुद्धा व्यवस्थित दाखवतो. रुंद पडदा घेऊ नका, त्याच्यावर सगळं ताणलेलं दिसतं.

आणि केस पांढरा करायच्या भानगडीत पडू नका असं माझं मत. पार्लरला लागणारं हायड्रोजन पेरॉक्साईड क्रीम लावून उन्हात ठेवतात, रंग येतो, पण पट्टे पडलेले बरेच बघितले आणि काही दिवसांनी पिवळेपणा परत येतो. साबणाच्या ओल्या फडक्याने पुसला की झालं.

एमुलेटर, म्हणजे जुन्या मशीनची नक्कल करणारं सॉफ्टवेअर, का नाही, हा प्रश्न येणारच. डॉसचे गेम खेळायचे असतील तर लॅपटॉपवर डॉसबॉक्स घ्या, मशीन ठेवायची काही गरज नाही, अगदी मनापासून सांगतो. ८६बॉक्समधे तर अख्खा बीएक्सचा बोर्ड उभा करता येतो. पण त्याला माझं पॅरलल पोर्टचं लॉक कसं लावणार आणि सव्वापाच इंची फ्लॉपी कुठे घालणार? ज्याचं काम अशा वस्तूंवर अडलेलं आहे त्याला खरं मशीनच लागतं.

बीएक्सच्याही दोन उणिवा आहेत. हार्डडिस्क मोठी चालत नाही, बऱ्याच बायोसना ३२ जीबीच्या पुढची दिसतच नाही, मी १६ जीबीचं कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड आयडीई अडॅप्टरवर लावलंय, आवाज नाही, उष्णता नाही, आणि कार्ड काढून कार्ड रीडरमधे घातलं की बॅकअप. दुसरी उणीव वेगाची, तो रनटाईम एरर २०० इथे येतो, पण बायोसमधे जाऊन प्रोसेसरची कॅश बंद केली की मशीन इतकं हळू होतं की ते प्रोग्रामही चालतात. घड्याळाची बॅटरी साधी सीआर२०३२, कुठल्याही घड्याळजीकडे मिळते, गळून बोर्ड खात नाही. पाचपैकी साडेचार देईन.

४८६ अजून घरात आहे. ज्याला डॉसची आवड आहे आणि बोर्डाच्या तुटलेल्या रेघा जोडायची तयारी आहे अशा कोणालाही तो फुकट द्यायचाय, अट एकच, भंगारात घालायचा नाही. सोबत डॉसच्या मूळ फ्लॉपी आणि बोर्डाचं जंपर सेटिंगचं पुस्तक पण देईन, ते पुस्तक असल्याशिवाय त्या बोर्डावर प्रोसेसर बदलणं अवघड आहे.